बाळाच्या उशाशी कोण असतं?



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हिशेब झाला, चहा झाला आणि उठता उठता एका काकींनी मला थांबवलं. त्यांची लेक अमेरिकेत असते. नातवाला दम लागला म्हणून तिकडे मुलांच्या रुग्णालयात ठेवलं होतं. दोन दिवस एक बाई यायची, छाती तपासायची, औषध लिहायची, पोराच्या आईला सगळं नीट समजावून सांगायची. तिसऱ्या दिवशी लेकीला कळलं की ती डॉक्टर नव्हे, नर्स आहे. काकी मला म्हणाल्या, "सिस्टर, डॉक्टर नाय तर मग माझ्या नातवाक बघितला कोणी?"

बाकीच्या बायका हसल्या. मला मात्र तो प्रश्न घरी येईपर्यंत पुरला. माझी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली आणि त्यातली बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात. आजारी बाळ घेऊन आलेली प्रत्येक आई मला हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारायची, "डॉक्टर कधी येतले?" मी तिच्या बाळाला सलाईन लावत असायची, ऑक्सिजन लावत असायची, आणि तिची नजर दाराकडे. म्हणून आजच्या बोलण्याचा विषय हाच. आजारी मुलाच्या उशाशी डॉक्टरांखेरीज कोण कोण असतं, त्यांना काय येतं, काय करायची परवानगी असते, आणि आपण त्यांचा उपयोग वेळेत का करून घ्यायचा.

काकींच्या नातवाला तपासणारी कोण होती?

तिला तिकडे नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. आधी ती पूर्ण शिकलेली नर्स असते. मग पुढे आणखी काही वर्षं शिकून, परीक्षा देऊन, मुलांना तपासणं, निदान करणं, औषध लिहिणं याचा परवाना ती मिळवते.

गंमत म्हणजे हे काम सुरूच झालं लहान मुलांपासून. अमेरिकेत कोलोराडो म्हणून डोंगराळ राज्य आहे. तिथल्या खेड्यापाड्यांत मुलांसाठी डॉक्टर मिळत नसत. लोरेटा फोर्ड नावाच्या नर्स तिथे गावोगाव फिरून काम करायच्या. त्यांना दिसलं की डॉक्टर नसताना मुलांचं सगळं नर्सच बघते, फक्त तिला तसं शिकवलेलं नसतं आणि तसा अधिकारही नसतो. मग त्यांनी आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात मुलांच्या नर्सचं हे पुढचं शिक्षण सुरू केलं. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांचे प्रशिक्षित सहायक, यांचंही शिक्षण सुरू झालं. त्यातले पहिले विद्यार्थी नौदलात जखमींची शुश्रूषा केलेले जवान होते. आज तिकडच्या मुलांच्या रुग्णालयांत हे दोन्ही प्रकारचे लोक डॉक्टरांच्या पथकात असतात. मोठे निर्णय डॉक्टरांशी बोलून होतात, पण मुलाजवळ दिवसभर हीच माणसं असतात.

तेव्हा काकींना माझं उत्तर असं की तुमच्या नातवाला शिकलेल्या, परवाना असलेल्या बाईने बघितलं, आणि तिच्या मागे डॉक्टर होते. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आपल्याकडे असं कोण आहे?

आपल्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात नर्स प्रॅक्टिशनर अशी पाटी तुम्हाला सहसा दिसणार नाही. भारतात अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखला आहे. फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण चेन्नईत १९९२ साली हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केलं, आणि २०२१ च्या कायद्याने या कामाला मान्यताही मिळाली. पण मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या आईला ही माणसं रोज भेटणार नाहीत.

तिला भेटते ती आशाताई, उपकेंद्रातली आरोग्यसेविका, म्हणजे आपली एएनएम सिस्टर, आणि तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना आपण सीएचओ म्हणतो. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं तपासणी पथक असतं. १०८ गाडीतले डॉक्टर असतात. आणि जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षातल्या सिस्टर. ही एकामागोमाग एक लागणारी माणसं आहेत. रापण ओढताना जसा प्रत्येकाने आपल्या जागेवर दोर धरायचा असतो, तशी. शेवटच्या टोकाला बालरोगतज्ज्ञ आहेतच. पण मधल्या एकाच्या हातून दोर सुटला तर टोकाला उभा असलेला माणूस कितीही ताकदीचा असून उपयोग नाही.

गडचिरोलीने काय दाखवलं

"आशाताई आमच्यासारखीच गावातली बाई. तिला बाळाचं काय कळणार?" असं म्हणणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात. त्यांना मी गडचिरोलीची गोष्ट सांगते.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात सर्च ही संस्था उभी केली. जंगलातली गावं, रुग्णालय लांब, बाळंतपणं घरात, आणि कितीतरी बाळं पहिल्या महिन्यातच जायची. त्यांनी ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळाचं वजन करणं, ताप बघणं, श्वास मोजणं, जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास देणं आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शन देणं, इतकं सगळं त्यांना शिकवलं. गावातल्या बाईच्या हातात सुई द्यायची, ही गोष्ट तेव्हा सोपी नव्हती. पण तिसऱ्या वर्षी त्या गावांतले पहिल्या महिन्यातले बाळमृत्यू, शेजारच्या इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ साली लॅन्सेट या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्याच संस्थेने न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधं साधन केलं होतं. तारेत ओवलेले मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळ धोक्यात आहे. शंभरपर्यंत आकडे न येणारी बाईसुद्धा न्यूमोनिया ओळखू शकत होती.

याच अनुभवावरून २०११ साली देशभरात घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशांच्या हाती आला. बाळ दवाखान्यात जन्मलं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही येते. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात येते. ती इंजेक्शन देत नाही. पण २०१४ पासून केंद्र सरकारच्या सूचनेनुसार आरोग्यसेविकेला एक महत्त्वाची मुभा आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला गंभीर जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, तर मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी जेन्टामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन यांचा पहिला डोस ती देऊ शकते. या एका डोसाची किंमत काय असते ते मी दोन रात्रींच्या गोष्टींतून सांगते.

दोन रात्री

पहिली रात्र बऱ्याच वर्षांपूर्वीची. खाडीकाठचं गाव, जुलैचा पाऊस. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ नऊ दिवसांचं. संध्याकाळपासून बाळ दूध ओढेना. दहा मिनिटांच्या वाटेवर उपकेंद्र होतं, आणि सिस्टर तिथेच राहायची. आजी म्हणाली, तिला दाखवूया. घरातल्या पुरुषमाणसांनी सांगितलं, "थंय फक्त सिस्टर आसा, डॉक्टर नाय." रिक्षा केली आणि थेट बाजारपेठ गाठली. पहिला दवाखाना बंद. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, आमच्याकडे बाळांचं मशीन नाही, पुढे न्या. तिसऱ्या ठिकाणीही तेच. आमच्याकडे पोचायला चार तास गेले. बाळ ओलसर दुपट्यात गुंडाळलेलं होतं, अंग गार, ओठ निळे. डॉक्टर हजर होते, आम्ही सगळ्या होतो, औषध होतं. पहाटेपर्यंत आम्ही झटलो. बाळ राहिलं नाही.

त्या घरच्यांना मी कधीच दोष दिला नाही. बाळावर जीव होता म्हणून तर ते मोठा डॉक्टर शोधत होते. पण त्या चार तासांत बाळाला कोणी ऊब दिली नाही, औषधाचा एक थेंब त्याच्या अंगात गेला नाही, आणि आम्हाला आधी फोनही आला नाही. उपकेंद्रातली सिस्टर यातल्या निदान दोन गोष्टी करू शकली असती.

दुसरी रात्र त्यानंतर काही वर्षांनी. दुसरं गाव, पण किनाऱ्यावरचंच. बाळ चौदा दिवसांचं, जन्मतःच वजनाने कमी. आशाताई ठरलेल्या दिवशी संध्याकाळी आली. आई म्हणाली, "आज शांत आसा, रडणा नाय." आशाताईने तिथेच कान टवकारले. दोन आठवड्यांचं बाळ दिवसभर रडत नाही आणि दूधही मागत नाही, ही शांती बरी नव्हे. तिने दुपटं सोडलं, तळपायाला हात लावला, पोटाला लावला. दोन्ही गार. श्वास पूर्ण मिनिटभर मोजले, ६८ भरले. तिने आरोग्यसेविकेला फोन केला. सिस्टर आली, वैद्यकीय अधिकाऱ्यांशी फोनवर बोलली, वजन करून पहिला डोस दिला आणि चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि वेळ लिहिली. मग १०८ बोलावली. आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बाळ बांधलं, वरून चादर. आणि आमच्या कक्षात फोन करून ठेवला.

बाळ आलं तेव्हा आमचा वॉर्मर तापलेला होता. बालरोगतज्ज्ञ त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये दुसऱ्या बाळाजवळ होते. त्यांना निरोप दिला आणि आम्ही कामाला लागलो. रक्तातली साखर बघितली, ऑक्सिजन लावला, बारीक शिरेत सुई घातली. वीस मिनिटांनी डॉक्टर आले, त्यांनी बाळ तपासलं, चिठ्ठी वाचली, पुढची औषधं ठरवली. दाराशी उभी असलेली आई तोवर मला तीनदा विचारून गेली होती, "सिस्टर, डॉक्टर कधी येतले? उपचार कधी सुरू होतले?" मी तिला म्हटलं, "बाय माझे, उपचार तुझ्या घराच्या ओटीवरच सुरू झालेत." बाळ अकराव्या दिवशी घरी गेलं.

नवजात बाळांच्या कक्षात काय चालतं?

जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो. त्याला एसएनसीयू म्हणतात. आपलं जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. जन्मतः १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची, ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली, श्वासाचा त्रास असलेली, झटके आलेली, जास्त कावीळ झालेली बाळं तिथे ठेवतात. आत नातेवाइकांची गर्दी चालत नाही, म्हणून बाहेरच्यांना वाटतं की आत काय चाललंय देव जाणे.

सांगते. नियमाप्रमाणे प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी. या कामासाठी तिचं वेगळं प्रशिक्षण होतं. चार दिवस वर्गात आणि दोन आठवडे मोठ्या रुग्णालयाच्या कक्षात प्रत्यक्ष काम बघत. बाळाची ऊब, श्वास, हृदयाचे ठोके, ऑक्सिजन किती, दूध किती थेंब, लघवी झाली का, हे ठरावीक वेळेने ती बघते आणि लिहिते. बाळ बिघडायला लागतं ते आधी तिला कळतं. रंग जरा फिका पडला, दूध पचेना, हातपाय सैल पडले. ती डॉक्टरांना बोलावते. बाळाने श्वास सोडला तर डॉक्टर येईपर्यंत मास्क आणि पिशवीने श्वास देते. यात एक मिनिटसुद्धा मोठं असतं.

आणखी एक काम ती करते, ते आईला शिकवण्याचं. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटा शहरात दोन डॉक्टरांनी ती सुरू केली, कारण त्यांच्याकडे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आज जगभर ती सगळ्यांत चांगल्या उपचारांत मोजली जाते. आजीने, मावशीने, बाळाच्या बापाने धरलं तरी चालतं. तेव्हा सिस्टरने सांगितलं की रोज जितका जास्त वेळ जमेल तितका बाळ छातीशी धरा, तर ते आपल्या अंगावरचं काम तुमच्यावर ढकलणं नव्हे. तुम्हीच त्या वेळी औषध असता.

अंगणवाडीत येणारं पथक

मोठ्या मुलांसाठीही अशी माणसं आहेत. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरहून झाली. या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा ते येतात. ते बालरोगतज्ज्ञ नसतात. पण हृदयाचं छिद्र, फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, कमी ऐकू येणं, उशिरा बोलणं, अशा गोष्टी शोधून पुढे पाठवण्यासाठीच त्यांना शिकवलेलं असतं. या पथकाने पाठवलेल्या मुलाच्या पुढच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया मोफत होतात. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. सर्दी आहे, केस विंचरलेले नाहीत, पाहुणे आलेत, काहीही असो, पोराला पाठवा.

त्यांची मर्यादाही माहीत हवी

मी नर्स आहे म्हणून नर्सचं कौतुक करायला बसले नाही. या प्रत्येकीच्या कामाला कुंपण आहे. आशाताई रोग ठरवत नाही, धोका ओळखते. आरोग्यसेविका पहिला डोस देते, पण त्यावर बाळाला घरी ठेवून घेत नाही, पुढे पाठवते. कक्षातली सिस्टर डॉक्टरांच्या सूचनेवर काम करते. निदान आणि उपचारांचा निर्णय डॉक्टरांचाच. यातली कुठलीही व्यक्ती "मी बघते, पुढे जायची गरज नाही" असं वारंवार म्हणाली, आणि बाळ सुधारत नसेल, तर ऐकू नका.

आणि शिकलेली सिस्टर वेगळी, आणि कुठल्यातरी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून राहून सुया टोचायला शिकलेला माणूस वेगळा. पहिलीला शिक्षण आहे, नोंदणी आहे, तिच्या मागे डॉक्टर आहेत आणि ती लिहून देते. दुसऱ्याकडे यातलं काहीच नसतं. कागदावर न लिहिता सुई देणाऱ्याकडे बाळ नेऊ नका.

रुग्णालयात असताना तुम्ही विचारू शकता, आणि विचारायलाच हवं. तुम्ही कोण, नर्स की डॉक्टर? बाळाला डॉक्टरांनी कधी बघितलं आणि परत कधी बघणार? हे औषध कशासाठी? आज बाळ कालच्यापेक्षा बरं आहे का? सौम्यपणे विचारलं तर बहुतेक जणी नीट सांगतात. एखादी वैतागून बोललीच तर मनाला लावून घेऊ नका, दुसऱ्या पाळीत पुन्हा विचारा. मीही कधी कधी वैतागले आहे, रात्री दोन वाजता, आठ बाळं अंगावर असताना. एका आईने मला सांगितलं होतं, "सिस्टर, ह्येचा रडणा आज वेगळा लागता." मी म्हटलं, "काही नाही, झोप." ती पुन्हा आली तेव्हा मी उठून बघितलं, आणि ती खरी होती. बाळ वाचलं, पण पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मी उठायला हवं होतं. त्या दिवसापासून आईचं "वेगळं वाटतंय" हे मी तापाच्या आकड्याइतकंच खरं मानते. तुम्हीही ते बोलायला लाजू नका.

ही लक्षणं पाठ करा

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

दूध ओढत नाही किंवा आधीपेक्षा खूपच कमी ओढतं. झटके येतात. हलवल्याशिवाय हात-पाय हलवत नाही. अंग तापलंय, किंवा तळपाय आणि पोट दोन्ही गार लागतात. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आहे, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. तळहात-तळपाय पिवळे झालेत. नाळेभोवती लाली आहे किंवा पू येतो.

श्वास मोजताना बाळ शांत असावं, पोटाकडे बघावं आणि पूर्ण एक मिनिट मोजावं. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. मोबाइलमध्ये घड्याळ आहेच. वाळूची गरज उरली नाही.

मग काय करायचं?

आधी आशाताईला किंवा उपकेंद्राला फोन, आणि त्याच वेळी १०८ ला. आपल्या राज्यात २०१४ पासून ही गाडी आहे आणि तिच्यात डॉक्टर असतात. आई-बाळांसाठी १०२ ही आहे. गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. बाळ आईच्या छातीशी, डोक्यावर टोपडं, पायात मोजे. पीत असेल तर अंगावरचं दूध पाजत राहायचं. मध, घुटी, गरम विटेचा शेक, यातलं काही नको. माता-बालसंगोपन कार्ड आणि सिस्टरची चिठ्ठी सोबत घ्यायची. ती चिठ्ठी सांभाळा, कारण पहिला डोस कधी दिला ते डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.

पैशांची भीती वाटून थांबू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, तपासण्या आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे.

आणि गटाने करायची दोन-तीन कामं सांगते. बैठकीच्या वहीच्या पहिल्या पानावर आशाताई, आरोग्यसेविका, सीएचओ आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचे नंबर लिहा. पावसात फोन लागत नाही अशा वाड्यांसाठी, रात्री गाडी काढणाऱ्या दोन घरांची नावं आधीच ठरवून ठेवा. गावात कोण बाळंत झालं आणि आशाताईची कितवी भेट झाली, हे दर बैठकीत एकीने विचारावं. उपकेंद्रात सिस्टरची जागा रिकामी असेल, किंवा इंजेक्शनचा साठा नसेल, तर ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत आणि ग्रामसभेत तो विषय मांडा. रस्त्याच्या दिव्यासाठी आपण अर्ज करतो ना, मग यासाठीही करायचा.

त्या काकींना मी पुढच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. त्या ऐकून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या वाडीतली आशाताई काय कमी नाय." मी म्हटलं, काकी, ती कमी नाहीच, पण तिला तुमच्या घराचं दार वेळेवर उघडं मिळायला हवं. चौदाव्या दिवशी ती आली की चहा नंतर द्या, आधी बाळाचं दुपटं सोडून तिला बघू द्या.

आजचं इथेच थांबवते. बाळांना जपा, स्वतःलाही जपा. नमस्कार.